बत्तीशीचं घर

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या बाईला सगळे बत्तीशी म्हणतात. तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते. तिचं कामच ते. दातांचे डॉक्टर माणसाच्या तोंडाचं माप पाठवतात आणि ती त्यावरून कवळी बनवते. आधी प्लास्टरचा साचा, मग मेणात एकेक दात बसवायचा, मग मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक, आणि शेवटी फिरत्या चाकावर घासून गुळगुळीत करायचं. लग्नाआधीपासून ती एकाच लॅबमध्ये हे काम करत आली. संध्याकाळी जिना चढून येते तेव्हा तिच्या भुवयांवर पांढरी भुकटी असते.

नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. शहरातल्या उंच इमारती त्याच्या भरवशावर वरखाली होतात, आणि हा स्वतः चार मजले पायी चढतो, कारण आमच्याकडे लिफ्टच नाही. म्हणून तर इथली घरं स्वस्त होती. त्याच्यासोबत त्याची आई आणि शाळेत जाणारी मुलगी. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि वीस वर्षांचं कर्ज.

कर्ज आम्हा सगळ्यांनाच होतं. मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते, माझाही हप्ता होताच. पगार झाला की बँक आपला घास काढून घ्यायची, उरलेल्यात आपण महिना ढकलायचा. बत्तीशीचंही तसंच चाललं होतं. ती पेटली ती लॅबच्या मालकामुळे.

मालक पगार वेळेवर द्यायचा नाही. आज देतो, सोमवारी देतो, डॉक्टरांकडूनच पैसे आले नाहीत, अशी रोज नवी सबब. त्या दिवशी ती चाकावर बसली होती. चाक चालू असलं की त्या खोलीत शेजारच्याचंही ऐकू येत नाही. तिने कवळी बघायला चाक थांबवलं, आणि पलीकडून मालकाचा आवाज आला. तो हिशेबनीसाला सांगत होता, "बत्तीशीचा पगार पुढच्या आठवड्यात दे. घराचा हप्ता आहे तिला. ती कुठे जातेय?"

ती मला म्हणाली होती, "मला शिवी दिली असती ना, तर मी घरी येऊन विसरले असते. पण तो खरं बोलला."

रात्री जेवताना तिने ताट बाजूला सारलं आणि नवऱ्याला म्हणाली, "मला हे कर्ज संपवायचंय."

"संपेल की," तो म्हणाला. "चौदाच वर्षं राहिलीत."

"चौदा वर्षं त्या माणसाच्या दारात उभी राहू मी? अर्ध्यात संपवायचं. त्याच्याही आधी."

"अगं, कशाने? पगार तोच, माणसं तीच."

"खर्च कमी करू. कामं वाढवू."

नवरा स्वभावाने गरीब. आयुष्यात त्याने कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाची शिवीगाळ ऐकूनसुद्धा तो 'होय साहेब' म्हणतो. तो आईकडे बघायला लागला. सासूबाई तोपर्यंत जेवत होत्या. त्यांनी पाणी प्यायलं, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, "आतली खोली भाड्याने द्या."

"आणि तू कुठे झोपणार?"

"बाहेर. तुमच्यात. नाहीतरी मला झोप कुठे येते? आत एकटी छत बघते, ते बाहेर बघेन."

त्या घरात सून हट्टी आहे हे मला ठाऊक होतं. सासू तिच्या वरताण निघेल असं वाटलं नव्हतं.

महिन्याभरात आतल्या खोलीत दवाखान्यातली एक नर्स राहायला आली आणि चौघांनी बाहेरच्या खोलीत अंथरुणं टाकली. सकाळी न्हाणीघरासमोर पाच माणसांची रांग. नवरा रविवारी खासगी कामं घेऊ लागला. बत्तीशीने दोन-तीन डॉक्टरांना गाठलं आणि तुटक्या कवळ्या जोडायचं काम घरी आणलं. गॅलरीत एक जुनं चाक बसवलं. ते सुरू झालं की माझ्या घरातल्या कपबश्या किणकिणायच्या. मी वर जाऊन भांडले. तिने कपाळावरची भुकटी पुसली आणि म्हणाली, "तुमची दुपारची झोप कधी असते ते सांगा, तेवढ्यात बंद ठेवते. पण पूर्ण बंद नाही करणार." आणि तिने तसंच केलं.

भाजी ती बाजार उठता उठता आणायची. उरलेला माल विक्रेते मिळेल त्या भावाला देऊन टाकतात. केस घरीच कापले जायचे. नवऱ्याचा हात यंत्रांवर बसलेला, डोक्यावर नाही. मुलीचे केस एकदा असे कापले की ती आठवडाभर टोपी घालून शाळेत गेली. बसचे दोन थांबे सगळे पायीच जायचे. कुणाच्या घरी समारंभ असला की सगळ्यांनी जायचं, मनापासून हसायचं, आणि भेट म्हणून सासूबाईंनी विणलेलं काहीतरी द्यायचं. नातेवाईक तोंडावर 'वा' म्हणायचे आणि पाठ फिरली की "एक नंबरचे चिक्कू" म्हणून खिदळायचे. बत्तीशीच्या कानावर ते गेलं. "हसू देत," ती म्हणाली. "हसण्याला पैसे पडत नाहीत."

सगळं काही असं हसण्यावारी जात नव्हतं. मुलीच्या वर्गाची सहल निघाली, समुद्रावर, तीन दिवस. बत्तीशीने नाही म्हटलं. पोरगी जिन्यात येऊन बसली, माझ्या दाराशेजारी, आणि आई तिला न्यायला खाली आली.

"आपण गरीब आहोत का?" पोरीने विचारलं.

"नाही."

"मग?"

"आपण हट्टी आहोत."

"तू आहेस. मला कुणी विचारलं होतं?"

बत्तीशी एक पायरी वर उभी होती, ती खाली बसली. मग आई म्हणाली, "नाही विचारलं. विचारायला हवं होतं." सहलीला मात्र पोरगी गेली नाही. पैसे भरायची तारीख निघून गेली होती, आणि खरं सांगायचं तर आईने नंतरही ते दिले असते असं मला वाटत नाही.

दुसऱ्या वर्षी बँकेने व्याज वाढवलं. हप्ता तोच राहिला, पण कर्जाची मुदत आपोआप लांबली. एवढी मरमर करून जेवढं अंतर कापलं होतं त्यातलं बरंचसं एका फटक्यात परत मागे. नवरा सुन्न होऊन खुर्चीत बसून राहिला. "सोडून देऊ," म्हणाला, "आपल्यासारख्यांचं काम नाही हे." बत्तीशी गॅलरीत गेली आणि चाक सुरू केलं. माझी झोपेची वेळ होती. त्या दिवशी मी वर गेले नाही.

त्यानंतरच्या वर्षी दीर आला. नवऱ्याचा धाकटा भाऊ, फरशांच्या दुकानात नोकरीला, आणि आता स्वतःचं दुकान काढायच्या तयारीत. बोलण्यात साखर, कपड्यांना इस्त्री. चौथ्या मजल्यावर धापा टाकत पोचला, आईच्या पाया पडला, पुतणीला चॉकलेट दिलं. दरवाजा उघडाच होता आणि मी कपडे वाळत घालायला गच्चीवर निघाले होते, म्हणून सगळं ऐकू आलं. कपडे जरा सावकाशच वर गेले.

"दादा, तुम्ही एवढं फेडलंय. याच घरावर बँक तुम्हाला वाढीव कर्ज हसत देईल. मला कुणी उभं करत नाही. तुमचं नाव स्वच्छ आहे. पैसे तुम्ही उचला, हप्ते मी भरतो."

"भावजी, नको," बत्तीशी म्हणाली.

"वहिनी, मी दादाशी बोलतोय."

"घर दोघांच्या नावावर आहे. अर्ध्या घराशी बोलून भागणार नाही."

दीर हसला, पण इस्त्री जरा मोडली. "काय करणार आहात एवढं फेडून? लोक काय काय बोलतात ठाऊक आहे? या वयात माझी आई जमिनीवर, चारचौघांच्या पायाशी झोपते. एका परक्या बाईला खोली, आणि आईला कोपरा. लाज वाटत नाही?"

मग सासूबाईंचा आवाज आला. "कोपरा मी मागून घेतलाय. कुणी दिलेला नाही. आणि एवढी माझी काळजी होती तर इतक्या वर्षांत ने म्हणाला असतास की तुझ्या घरी."

"आई, मी तुझाच मुलगा आहे ना?"

"आहेस म्हणून तर चहा टाकलाय. पी. पण घराचं नाव काढू नकोस."

तो भावाकडे वळला. "दादा, तू बोल. तू नाही म्हणणार नाहीस."

मी गच्चीच्या पायऱ्यांवर उभी. आता हा मान डोलावणार, मला खात्री होती. बत्तीशीलाही होती. ती नंतर म्हणाली की तिने डोळे मिटून घेतले होते.

"नाही," नवरा म्हणाला. आवाज इतका बारीक की दिराने "काय?" असं विचारलं. "नाही देणार," तो पुन्हा म्हणाला, या वेळी अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं. "माझी पोरगी सहलीला गेली नाही या घरासाठी. मी कुठल्या तोंडाने ते परत गहाण टाकू?"

दीर चहा न पिता गेला. पुढे दोन वर्षं येणंजाणं बंद. सासूबाई एकदोनदा गुपचूप रडल्या, पण निर्णय चुकला असं त्या कधी बोलल्या नाहीत.

शेवटची रक्कम भरायला चौघं मिळून बँकेत गेली. टेबलामागचा तरुण अधिकारी चांगला होता, मनापासून समजावत होता. "मॅडम, थोडं कर्ज राहू द्या. हेच पैसे दुसरीकडे गुंतवलेत तर व्याजापेक्षा जास्त मिळतील. मी आकडे काढून दाखवतो."

"तुमचे आकडे बरोबर असतील," बत्तीशी म्हणाली. "मला जास्त नकोत. मला संपवायचंय."

"पण नुकसान होतंय तुमचं."

"होऊ दे. माझं मी करतेय ना?"

त्याने सही घेतली. काही दिवसांनी घराची मूळ कागदपत्रं घरी आली. नर्सचं लग्न ठरलं होतं, ती त्याच सुमारास गेली आणि खोली पुन्हा सासूबाईंची झाली. पहिल्या रात्री त्या आत झोपल्या आणि सकाळी म्हणाल्या, "फार शांत आहे बाई. करमत नाही."

पुढच्या महिन्यात मालकाने नेहमीप्रमाणे पगार लांबवला. बत्तीशीने ॲप्रन काढून खुंटीला अडकवला. "आज पैसे मिळाले तर उद्या येईन."

"आणि घराचा हप्ता गं?" तो हसत म्हणाला.

"कुठला हप्ता?"

ती निघून आली. दुपारभर माझ्याकडे बसली, चहा बशीत सांडत होता. "गेलं तर जाऊ दे काम," म्हणत होती, "चाक आहे माझ्याकडे." संध्याकाळी हिशेबनीस पाकीट घेऊन चार मजले चढला. तेव्हापासून तिचा पगार एक तारखेला होतो. तिच्या सोबतच्या तिघांचा अजून लांबतो. ते तोंड उघडत नाहीत, त्यांचे हप्ते चालू आहेत. ती आता त्यांच्या मागे लागलीय, सगळ्यांनी मिळून बोलायचं म्हणून. एक तयार झालाय, दोघं तिला टाळतात.

दिराचं दुकान निघालंच. कुणाकडून तरी पैसे उभे केले त्याने, आणि धंदा उत्तम चाललाय. पहिली मोठी गाडी घेतली तेव्हा पेढ्यांऐवजी पेस्ट्रीचा डबा घेऊन आला आणि चार माणसांत म्हणाला, "वहिनी, तेव्हा विश्वास ठेवला असतात तर आज तुम्हीही गाडीतून फिरला असता."

"तुमचं चांगलं झालं, खरंच बरं वाटलं," ती म्हणाली. "उद्या परत विचारलंत तरी नाहीच म्हणेन."

तिला खरा धक्का दिला तो मुलीने. पोरगी शिकली, दुसऱ्या शहरात नोकरीला लागली. आता तिच्यासाठी घर बघायचं, पहिल्या पगारापासून पैसे टाकायला लागायचं, असं बत्तीशीने मनात सगळं ठरवलं होतं. सुट्टीला आलेली मुलगी चपला काढता काढता म्हणाली, "मी घर घेणार नाही, आई. कधीच. भाड्याने राहीन, कंटाळा आला की बदलेन. आणि या वर्षी समुद्रावर जाणार आहे, माझ्या पैशाने."

"आणि घरमालकाने बाहेर काढलं तर?"

"तर दुसरं बघेन. माझी दहा वर्षं मी भिंतींना देणार नाही. तू दिलीस, ती तुझी."

त्यावरून वर जे भांडण झालं ते तिसऱ्या मजल्यावर मला, दुसऱ्यावर टेलरला आणि तळमजल्यावर वॉचमनलाही ऐकू आलं. सासूबाई मध्ये पडून म्हणत होत्या, "अगं, कुणावर गेलीय ती, बघ की जरा!" मग बराच वेळ भांड्यांची आदळआपट.

दुसऱ्या दिवशी बत्तीशी माझ्याकडे मोठी बॅग मागायला आली. पोरीच्या बॅगेची चेन तुटली होती, समुद्रावर न्यायला ती नीटशी नव्हती.

"मानलंस तर मग?" मी विचारलं.

"कशाला मानू? चुकतेय ती." तिने बॅग उलटीपालटी करून शिवण तपासली, चेन दोनदा ओढून पाहिली. "पण जाताना तुटकी बॅग कशाला?"