आधी तोंड उघडायचं नाही

डेस्मंड ओल्डरॉइड महापौर होता, तेव्हा त्याला गप्प बसवणं कुणाला जमलं नाही. म्हातारपणी मात्र त्याच्याशी बोलायला कुणी उरलं नव्हतं. बायको वारली, पक्ष विसरला, आणि शहरातल्या आम्ही ज्यूंनी तर त्याचं नावच टाकलं होतं.

आमचा सिरिल शिंपी गेला, तेव्हा डेस्मंड सिरिलच्या घरी भेटायला आला. त्याच्या पहिल्या निवडणुकीत सिरिल त्याच्यासाठी दारोदार फिरला होता.

"हा मेला कशाला कडमडला इथे?" मी स्वयंपाकघरातून म्हटलं.

"हळू, ऐकेल तो," माझी बहीण म्हणाली.

"ऐकू दे की!"

आमच्यात शोकाच्या घरी पाहुण्याने आधी तोंड उघडायचं नसतं. घरचं माणूस बोललं, तरच आपण बोलायचं. डेस्मंडला हे ठाऊक होतं. चांगल्या दिवसांत तो आमच्या कितीतरी घरी असा बसून गेला होता. सिरिलची बायको हेटी बुटक्या स्टुलावर बसली होती. तो समोर बसला. माणसं आली, हेटीशी बोलून गेली. त्याच्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. तो मांडीवरची टोपी फिरवत राहिला. शेवटी मलाच बघवेना, मी त्याला चहा दिला. तो चहाही निवून गेला.

सगळे गेल्यावर हेटीने मान वर केली.

"आमच्या सिनेगॉगच्या काचा फोडल्या, तेव्हा तू महापौर होतास. सिरिल रोज सकाळी पेपर उघडून बघायचा, आज तरी डेस्मंड काही बोलला का."

त्याने टोपी फिरवायची थांबवली.

"बोल ना आता," हेटी म्हणाली. "फक्त, ऐकणारा गेला."