‘पोचली’ म्हटलं की नाव बसायची

या, जवळ सरका. तिकडं उंबऱ्यावर काय बसलात, मला आता ओरडून बोलवत नाही. आणि आधी तुमचं चुकलेलं सांगते. मुंबईकडच्या बागेत पाण्यातल्या नावेत बसून आलात आणि मलाच शिकवताय, "आजी, खाली मोटर असते." नावेला मोटर नसते. नाव स्वतः काहीच करत नाही. चालतं ते पाणी. वरून सोडायचं, उतारानं पळवायचं, खाली आलं की पंपानं पुन्हा वर चढवायचं. नाव नुसती त्याच्या पाठीवर बसते. हे मी कुठं वाचलेलं नाही. मी स्वतः चालवलंय, पूर्णेकाठच्या महादेवाच्या जत्रेत, निजामाच्या राज्यात. आमचा पंप म्हणजे दोन बैल आणि विहिरीतून पाणी ओढणारी चामड्याची मोट.

जत्रेत आमचा लाकडी पाळणा असायचा. तो हातानं फिरवायचा. एका साली आमच्या मालकांचा खांदा निखळला आणि ते काम संपलं. जत्रा हेच आमचं पोट. दुसरं काही येत नव्हतं. पण मी माळ्याची लेक, पाणी कसं वळतं ते मला लहानपणापासून ठाऊक. म्हटलं, पाळणा माणसानं फिरवावा लागतो, नाव पाण्यानं फिरवू.

जत्रेच्या मैदानाला लागून एक विहीर होती, तिच्याशेजारी मोठा हौद. मोटेनं हौद भरायचा. हौदाच्या तोंडाला फळीचं दार. तिथून अडीच हात रुंद पाट काढला, बाभळींच्या रांगेपलीकडून गोल फिरवला, तिथं नावा थांबायचं टोक ठेवलं आणि पाणी पुढं परत त्याच विहिरीत सोडलं. कडेला शहाबादी फरशीचे तुकडे, तळाला चोपलेली चिकणमाती. वळणावर खुंट्यांवर फिरणारी उभी लाकडी लाटणी बसवली, म्हणजे नाव घासली तरी अडकत नाही, लाटणं फिरतं आणि नाव सुटते. ते लाटण्याचं माझ्या डोक्यातलं, सुताराच्या नाही. सपाट बुडाच्या चार नावा. आदल्या दिवशी धोंडे भरून सोडून बघितल्या. चारही सरसर गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तहसीलचे पेशकार साहेब बघायला आले. परवाना त्यांच्या हातात. नावांत लेकरं बसवली, फळी उचलली. पहिली नाव झोकात गेली. बाकीच्या तीन मध्येच मातीवर बसल्या. लेकरं रडायला लागली.

साहेब म्हणाले, "बाई, कश्त्या चलत्या नै तो इजाजत नै. गड्ढा भरो और जाओ."

मी म्हटलं, "साहेब, दुपारच्या नमाजपर्यंत थांबा. चारी न्हाई गेल्या तर मीच फावडं घेते."

"ठीक है. नमाज तक."

मालक हळूच म्हणाले, "वजन जास्ती व्हायलंय. काल धोंडे कमी घातलते तू."

मी लेकरं उतरवली, वाळूची हलकी पोती घातली. हौदातलं कमी झालेलं पाणी मोटेनं भरून काढलं. पाणी सोडलं. पहिली गेली, तीन बसल्या. म्हणजे वजन नव्हे.

"मग पाट गळायलाय," मालक म्हणाले.

पुन्हा हौद भरला. या खेपेला मी पाण्यावर मूठभर भुसा टाकला. पाट गळत असला तर भुसा गळतीपाशी गोळा होतो. भुसा कुठंच थांबला नाही. पहिली नाव टोकाला लागली, तिथली माणसं ओरडली, आणि पाणी उतरायला लागलं. पण खालून नाही, वरून. हौदाकडचा पाट आधी उघडा पडला. म्हणजे पाणी गळत नव्हतं, येणंच बंद झालं होतं.

मी बाभळींपलीकडं पळाले. दारावर दगडूमामा बसवलेले. उभा जन्म मळ्यात गेलेला माणूस. फळी खाली टाकून निवांत तंबाखू मळत होते.

"मामा, दार का बुजवलं?"

"तुमीच वरडला न्हवं. पोचलं म्हनून."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. शेतात पाणी देताना एकजण वाफ्याशी उभा राहतो, दुसरा पाटाच्या तोंडाशी. वाफ्यात पाणी आलं की तिकडून हाक येते, ‘पोचलं’, आणि इकडचा दार लावतो. इथं पहिली नाव लागली की जत्रेतले लोक हौसेनं ओरडत होते, ‘पोचली, पोचली’. मामांना टोक दिसत नव्हतं. आदल्या दिवशी बघायला कुणी नव्हतं, म्हणून धोंडे बिनबोभाट गेले.

"मामा, आता वरडलं तरी बुजवू नका."

"न्हाई बुजवणार," ते म्हणाले. मग जरा थांबून, "पर सांगू का गिरजाबाई, हात ऐकत न्हाई. पोचलं म्हनलं की तो आपला जातोच फळीकडं."

लोकांची तोंडं तर मी बंद करू शकत नव्हते. मग मी माणसंच बदलली. मामांना टोकाला उभं केलं, नाव धरायला आणि ओरडायला. "तुमच्यावानी हाक कुणाला जमणार?" म्हटलं. ते खूष. दार मी धरलं.

मालक म्हणाले, "अगं, सायबासमोर बाई दारावर?"

"तुमचा खांदा चालंना, मामाचा हात ऐकंना. राहिलं कोण?"

हौद भरला. लेकरं बसवली. बाभळींपलीकडून मामांची हाक आली, "पोचली!" मी हलले नाही. दुसरी हाक, तिसरी, चौथी. मग फळी टाकली.

मी टोकाला गेले तेव्हा पेशकार साहेब एक नाव उलटी करून खालून बघत होते. "मोटर कहां छुपाई?"

मी बैल दाखवले. साहेबांनी तिथंच परवान्यावर सही केली. पुढं कैक जत्रा आमचा पाट चालला, आणि दार शेवटपर्यंत मीच धरलं. लोक मालकांचं नाव विसरले, पण नाववाली गिरजाबाई कुणालाही विचारा म्हणायचे.

त्यातून मी एवढंच शिकले. यंत्र बिघडलं की लगेच खोलायला बसू नये. चालवणाऱ्याला काय ऐकू येतंय, ते आधी विचारावं.

आता निघताय तर निघा. पण पुढच्या खेपेला वर्ष लावू नका, मला आता ह्या पालम गावाबाहेर जाववत नाही. लवकर या. आणि जेवून येऊ नका, मला राग येतो.