सुईणीचं न्हाणं

रत्नाबाईंचा नातू स्नेहलच्या हातात आला तो निष्प्राणच, त्याला आज तिसरा दिवस. आणि मुळशीतल्या रिहे गावच्या उपकेंद्रात बसून स्नेहल राजीनामा लिहीत होती. लातूरकडची पोर, नर्स म्हणून इथं येऊन जेमतेम दीड वर्ष झालेलं. बाळाचे ठोके पोटातच थांबले होते, तुझी काही चूक नाही, असं डॉक्टरांनीही दोनदा सांगितलं. पण मनाला कोण समजावणार? रत्नाबाई यायच्या आत कागद देऊन गावाला निघून जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

रत्नाबाई म्हणजे उपकेंद्रातल्या मदतनीस. फरशी पुसण्यापासून बाळ पुसण्यापर्यंत सगळं त्यांच्याच हातचं. बाई लई फटकळ. चप्पल घालून आत आलेल्या साहेबाला त्यांनी एकदा दाराबाहेर उभं केलं होतं, आणि साहेब मुकाट्यानं राहिलाही होता. बाळंतपण झालं, की ज्या घरचं बाळ त्या घरानं सुईणीला ऊन पाण्यानं न्हाऊ घालायचं, डोक्याला तेल चोळायचं, ही त्यांच्या सासरची जुनी रीत. सुईणी गेल्या, रीतही गेली. रत्नाबाईंनी मात्र ती धरून ठेवली होती. अवघड बाळंतपण झालं, की नर्सला न्हाऊ घातल्याशिवाय त्या घरी जायच्या नाहीत. मध्यंतरी तालुक्याला कर्मचाऱ्यांच्या मनःस्वास्थ्याचं शिबिर झालं. दोन तास भाषण, चहा-बिस्कीट, सह्या, झालं! खुर्चीत बसवून कुणाचा शीण जातो व्हय, असं रत्नाबाईंनी आल्या आल्या विचारलं होतं.

सकाळी नऊच्या सुमाराला दार ढकललं गेलं. रत्नाबाईच. डोळे खोल गेलेले, हातात तेलाची वाटी. घरात सुतक. सुतकात स्वतःच्या केसाला तेल लावत नाहीत, दुसऱ्याला शिवणं तर लांबच. मुलानं, विलासनं, दारातच अडवलं होतं म्हणे. पण ऐकतील तर त्या रत्नाबाई कसल्या!

स्नेहल उठून उभी राहिली. आता शिव्या खायच्या, असं ती धरूनच चालली होती. रत्नाबाईंनी एकदा टेबलावरच्या कागदाकडे बघितलं, एकदा पोरीकडे, आणि मागे जाऊन पाणी तापत ठेवलं.

स्नेहलला पाटावर बसवून त्या डोक्यावर पाणी ओतू लागल्या, आणि ओतता ओतता सासूची गोष्ट सांगू लागल्या. सासू सुईण होती. एका घरी मूल दगावलं, आणि त्या लोकांनी तिला न्हाऊ न घालताच दारातून परत धाडलं. त्यानंतर सासूनं कुणाच्या बाळंतपणाला हात लावला नाही. पुढच्याच महिन्यात शेजारची बाई अडली, माणसं बोलवायला आली, सासू भिंतीकडे तोंड करून बसून राहिली. ती बाई दवाखान्याच्या वाटेवर डोलीतच गेली.

"ते म्या ह्या डोळ्यांनी बघितलंय," रत्नाबाई म्हणाल्या. "मूल जगो न्हाईतर जावो, हात लावनारीला कोरडं धाडायचं न्हाई."

स्नेहलचा बांध फुटला. रत्नाबाई तेल चोळत राहिल्या. ज्या हातांनी परवा नातवाला फडक्यात गुंडाळलं, तेच हात हे. अशी माणसं असतात? मुळशीत आहेत, मी सांगतो. माझी तर मती गुंग होते.

बऱ्याच वेळानं स्नेहलनं डोळे पुसले. "मावशी, तुम्ही रडलात का हो?"

"न्हाई अजून. तुजं न्हाणं ऱ्हायलं व्हतं."

एवढं बोलून त्या भिंतीला टेकल्या, आणि मग जो हुंदका आला तो आवरेना. स्नेहलनं ओल्या केसांनिशी त्यांना कवेत घेतलं.

बाहेर कुणी गरोदर बाई तपासणीला आली होती. शिस्टर हायेत का, म्हणून तिनं हाक दिली.

"आहे," स्नेहल आतूनच म्हणाली. "पण थोडं बसा, ताई. आमच्या घरातलं बाळ गेलंय."