दुसरा सामना मी होऊ दिला नाही

मी गाव सोडलं त्या दिवशी खाडीला ओहोटी होती. होडी धक्क्याला लागेना. नावाड्याने ती मधेच उभी केली आणि मला गुडघाभर चिखलातून चालत जावं लागलं. डोक्यावर बॅग, एका हातात चपला, दुसऱ्या हाताने वर धरलेला बुरखा. माझा दीर काठावरच्या दगडावर उभा राहून सांगत होता, "भाभी, दोन वर्षं म्हणजे काय, बघता बघता जातील." त्याचे पाय कोरडे होते. माझी एकुलती एक मुलगी नसीम शाळेत होती. तिची परीक्षा चालू होती आणि पेपर बुडवू नकोस असं मीच तिला बजावलं होतं. अशा आठवणींत जाणारी बाई रडते. मी रडले नाही. पाय रुतत होते, सगळं लक्ष तिकडे होतं.

नवरा जाऊन तीन वर्षं झाली होती. शिक्षण चौथीपर्यंत. एजंट म्हणाला हॉस्पिटलात काम आहे, आणि ते खरं निघालं, म्हणून त्याला मी शिव्या देत नाही. गावात सगळ्यांना वाटलं मी मक्केच्या शेजारी राहायला निघाले. कुणी जमजमचं पवित्र पाणी आणायला सांगितलं, कुणी आपल्या नावाने दुआ मागायला सांगितली. मी जाऊन पडले सौदीच्या उत्तर टोकाकडच्या हफ्र अल बातिनला. तिथून मक्का बसने जवळजवळ एक दिवसाच्या वाटेवर. पहिल्या दोन वर्षांत मी काय पाहिलं ते सांगते: धूळ, लष्कराच्या गाड्या आणि मेंढ्यांचा बाजार. गावाकडच्यांनी फोनवर "तुझं नशीब मोठं" म्हटलं की मी फोन कानापासून लांब धरायची.

नर्सेसच्या राहण्याच्या जागेला तिथे सकन म्हणत. भोवती दोन पुरुष उंचीची भिंत, आत फरशीचं अंगण. बायकांना एकटीने बाहेर जायची सोय नव्हती. दर गुरुवारी हॉस्पिटलची बस त्यांना बाजारात न्यायची आणि आणायची, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. माझं काम आतल्या दारावर रजिस्टर घेऊन बसायचं: कोण गेली, कोण आली, किती वाजता. त्यासाठी मी इंग्रजी अक्षरं शिकले. खाली रोज स्वतःचं नाव लिहायचं, हलीमा. बाकी वेळ फरशी पुसायची. माझी अम्मी म्हणायची, चाकरी करावी तर डोळे उघडे ठेवून आणि तोंड मिटून. मी तसंच वागायचं ठरवलं होतं.

त्या सकनमध्ये मी फुटबॉल पाहिला. हे गावात सांगितलं तर लोक हसतात, म्हणून सांगणं सोडून दिलं होतं.

हाईके नावाची एक जर्मन नर्स होती. उंच, केस पोरासारखे कापलेले, दार कधी हळू लावायची नाही. तिची धाकटी बहीण तिकडे एका क्लबात गोलकीपर होती. युरोपभरच्या क्लबांतल्या बायकांची एक स्पर्धा चालायची आणि त्या वर्षी बहिणीचा क्लब बाद फेरीत पोचला होता. आठ संघ राहिले, मग चार. हरला तो घरी. आमच्याकडे टीव्ही एकच, आणि त्यावर केरळच्या मुली मालिका बघायच्या. हाईके संध्याकाळी येऊन सरळ जर्मन चॅनल लावायची. त्यावरून रोज भांडण. लिसी म्हणून केरळची एक नर्स होती, बुटकी, पण आवाज अख्ख्या सकनला पुरेल असा. तिने एकदा रिमोट आपल्या अब्बायात, बाहेर जाताना घालायच्या काळ्या झग्यात, खोचून ठेवला आणि हाईकेने तो अब्बायासकट ओढला. मला दोघींचाही राग यायचा, कारण सांडलेला चहा मी पुसायची.

बहिणीच्या क्लबाचा उपांत्य सामना होता तेव्हा मात्र लिसीच पुढे जाऊन बसली. एवढ्या बायका उघड्या मैदानात धावताहेत आणि हजारो लोक नुसते बघताहेत, हे तिने पाहिलं नव्हतं. मीही नाही. मी दारात फडकं घेऊन उभी होते. हाईकेने समजावून सांगितलं. एका संघाशी दोन सामने, एक आपल्या गावात, एक त्यांच्या. दोन्ही मिळून गोल मोजायचे. बरोबरी झाली तर ज्याने परक्याच्या मैदानात जास्त गोल केले तो पुढे. बहिणीच्या क्लबाने परक्या गावात एक-एक अशी बरोबरी केली होती. आठवड्याने घरच्या मैदानात एकही गोल झाला नाही, आणि तरी त्या पुढे गेल्या.

मी म्हणाले, हा कुठला न्याय? परक्याच्या दारात केलेलं काम जास्त धरतात, असं मी जन्मात ऐकलं नव्हतं. हाईके हसली. मी हसले नाही. मला राग आला, आणि कुणाचा ते कळेना.

मग ह्या मुलींनी स्वतःच सुरू केलं. गावाच्या दुसऱ्या टोकाला, बाजाराच्या मागे, दुसऱ्या एका हॉस्पिटलचं सकन होतं. तिथल्या मुलींशी आमच्या मुलींचा सामना ठरला, तोही युरोपातल्या पद्धतीने: एक इथे, एक तिथे. पहिल्या सामन्याला त्या आमच्याकडे वाढदिवसाच्या पाहुण्या म्हणून आल्या. रजिस्टरात मी पाहुण्या असंच लिहिलं. सगळ्यांनी अब्बाया काढले, गुंडाळून त्यांचे ढीग केले, आणि तेच ढीग गोलचे खांब झाले. आठ-आठ जणी. लिसी बुटकी असून सगळ्यांच्या पायांतून चेंडू काढायची. हाईके कडेला उभी राहून "यल्ला, यल्ला", चला चला, असं ओरडत होती. सामना एक-एक सुटला. म्हणजे त्यांनी आमच्या अंगणात गोल केला होता. आता आमच्या मुलींना त्यांच्या अंगणात जाऊन गोल करणं भाग होतं, नाहीतर त्या बाद. हे मला नीट समजलं होतं. न समजून केलं असं माझ्या बाजूने कुणी म्हणू नये.

जायचं कसं, तर गुरुवारच्या बसने. बस चालवायचा महाडकडचा इस्माईलभाई. मुली बाजाराच्या मागच्या बाजूला उतरतील, तो दीड तासाने त्यांना तिथूनच घेईल, आणि रजिस्टरात मी बाजार लिहीन. इस्माईलभाई मला म्हणाला, "आपा, मला काय, जिथे सांगतील तिथे ब्रेक दाबतो. पण तू लिहिणार ना बरोबर?" मी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

त्याच दिवसांत दिराचा फोन आला होता की नसीमचा निकाह ठरवला. मुलगा चांगला, तीन आठवड्यांनी तारीख. मला न विचारता. मी नसीमला फोनवर बोलावून विचारलं, तुला पसंत आहे का? ती म्हणाली, "तू आलीस की बोलू." एवढंच. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. फोनवर बोलता येत नाही असं काय आहे? कुणी शेजारी उभं आहे का? पोरीला नको असेल तर निकाहच्या आधी मला तिथे असायला हवं होतं. माझी दोन वर्षं भरली होती, रजा हक्काची होती. पण पासपोर्ट मला कामावर ठेवणाऱ्या कफीलकडे, आणि जाऊन परत यायच्या परवान्यावर सकनच्या मुदीराची, म्हणजे मुख्य बाईंची, सही लागायची.

बुधवारी मुदीराने मला बोलावलं. पहिल्या सामन्याचा आरडाओरडा भिंतीबाहेर गेला होता, कुणीतरी तक्रार केली होती. माझा रजेचा कागद तिच्यासमोर टेबलावर होता. तिने धमकी दिली नाही. चहा दिला. मला समजावं म्हणून सावकाश अरबीत विचारलं, उद्या गुरुवारी मुली कुठे उतरणार?

मी म्हणाले, "बाजाराच्या मागे. दुसऱ्या सकनमध्ये. खेळायला."

तिने सही केली. मी कागद घेतला, चहा संपवला आणि कप धुऊन ठेवला.

खोटं बोलले असते तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. किंवा कळलं असतं आणि माझा इकामा, तिथे राहायचा परवाना, खलास, मला कायमचं परत पाठवलं असतं. हा हिशेब मी तेव्हा केला, असं आता सांगता येईल. खरं म्हणजे मी काही हिशेब केला नाही. माझ्या पोरीसमोर मला ह्या सोळा बायकांचा चेंडू दिसला नाही.

गुरुवारी आमच्या आठही जणी तीन वाजल्यापासून अब्बाया घालून दाराशी बसल्या होत्या, खाली खेळायचे बूट. बस आली नाही. साडेचारला निरोप आला की बस बंद, पुढचा हुकूम येईपर्यंत. हाईकेने माझ्या तोंडाकडे पाहिलं. मी मान खाली घातली नाही. ती जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली. शिवी कुठल्याही भाषेत कळते. लिसीने बूट काढून माझ्या रजिस्टरावर ठेवले. इस्माईलभाईला बसवरून काढून धोबीखान्याच्या गाडीवर टाकलं. तो मला विमानतळाच्या गाडीत बसवायला मात्र आला, आणि माझी बॅग त्याने टपावर बांधून दिली.

मी गावी पोचले तेव्हा निकाहला चार दिवस होते. नसीमला मी मागच्या पडवीत नेलं आणि म्हणाले, आता सांग. ती गोंधळली. कसलं सांगू? मुलगा तिने पाहिला होता, तिला आवडला होता. मग तू आलीस की बोलू असं का म्हणालीस? ती म्हणाली, "अगं, त्या वेळी टीव्ही चालू होता, ऐकू येत नव्हतं."

टीव्ही चालू होता.

निकाह चांगला झाला. मला उठून काही करू दिलं नाही. चांगला कप काढून त्यात चहा दिला, ट्रेमधून. बांगड्यांच्या रंगावरून नसीम तिच्या चाचीशी कडाकडा भांडली, दोघींनी एकमेकींना नको ते सुनावलं, मग गळ्यात पडून रडल्या. मी मधे बोलायला गेले तर नसीम हळूच म्हणाली, "अम्मी, तू राहू दे. दमून आलीस." मला कुणी उलट बोललं नाही. शेजारणी यायच्या, बसायच्या आणि विचारायच्या, परत कधी जाणार? वाईट हेतूने नाही. पाहुण्याला विचारतात तसं. दीड महिन्याची रजा होती, मी महिन्यात परतले.

सकनमध्ये शिरले तर टीव्हीच्या खोलीच्या दारावर एक कागद चिकटवलेला. पहिला सामना एक-एक. दुसरा शून्य-तीन. युरोपात जो संघ सामन्याला येतच नाही तो तीन गोलांनी हरला असं धरतात म्हणे, तोच नियम ह्यांनी स्वतःला लावला होता. आणि त्या तीन गोलांपुढे गोल करणारीचं नाव. ती अक्षरं मी रोज लिहायची, वाचायला वेळ लागला नाही. हलीमा. तीनदा.

माझ्या मागे लिसी येऊन उभी राहिली. "तीन गोल मारके किधर गया था, आपा?" तिने विचारलं. "घर पे हार-फूल मिला?"

मी म्हणाले, मिळाले. मग ती बोलत सुटली. अर्धं हिंदी, अर्धं मल्याळम. माझी जात, माझं वय, माझं नाक, इस्माईलभाईची नोकरी, काही सोडलं नाही. माझी बॅग अजून हातात होती. मीही सोडलं नाही. माझ्या पोरीचा निकाह होता, तुमच्या चेंडूसाठी मी मुलगी वाऱ्यावर सोडायची का, असं ओरडले. पोरीने काय उत्तर दिलं होतं ते मात्र सांगितलं नाही. वरच्या मजल्यावरच्या मुली बाहेर येऊन ऐकत होत्या. शेवटी लिसी म्हणाली, बिर्याणी उरली आहे, खायची तर खा, नाहीतर मर. मी खाल्ली.

कागद मी फाडला नाही. तो फरशी पुसताना रोज दिसायचा. पुढच्या थंडीत बस पुन्हा सुरू झाली, पण खेळ नाही. हाईके वर्षभरात परत गेली, जाताना सगळ्यांना भेटली, मला नाही. तिच्या बहिणीचा क्लब पुढे जिंकला की हरला, हे मला कुणी सांगितलं नाही. अंतिम फेरी मी गावी असताना झाली. लिसीला विचारलं तर म्हणाली, "तेरेको क्या करना है?" आता कुणाच्याही मोबाइलवर पाच मिनिटांत कळेल. मी विचारत नाही. ते त्यांनी मला सांगायला हवं होतं आणि त्यांनी सांगितलं नाही, हे बरोबरच केलं.

मी त्या सकनमध्ये आणखी अकरा वर्षं काढली. आता तिथे बायका मैदानात जातात, स्वतः गाडी चालवतात असं ऐकते. जात असतील. त्या आठ जणी तेव्हा गेल्या असत्या, त्यांना मी जाऊ दिलं नाही. माफी मी मागितली नाही. पुन्हा तशीच वेळ आली तर मी तेच करीन की नाही, हे मला सांगता येत नाही, आणि जो छातीठोक सांगेल त्याच्यावर माझा विश्वास नाही.

आता सत्तरी झाली. गावातच आहे. जे तिकडे गेले आणि परत आले ते मला विचारतात, आपा, शेवटी घर ते घर ना? आणि जे कधी गेलेच नाहीत ते माझ्या वतीने उत्तरही देतात. म्हणून एकदा लिहून टाकते. लिसी आता आयर्लंडमध्ये असते. तिचा फोन येतो, आधी दोन शिव्या देते, मग गुडघे कसे आहेत विचारते, आणि माझी चूक ती अजून विसरलेली नाही. नसीम दर शुक्रवारी येते, फळं आणते, उशी नीट करते. जावयाने भिंतीला धरायला दांडी बसवून दिली. दीर सकाळी डोकावून जातो. शेजारणी हाताला धरून पायरी उतरवतात. माझ्याशी भांडत कुणी नाही. इथे सगळे माझ्याशी चांगले वागतात.