कोरं टोपडं

आलापल्लीच्या दवाखान्यातल्या गरीब बाळंतिणींसाठी आम्ही बायका दुपारी ओसरीवर टोपडी विणायचो. आमच्यातली एक बाई मात्र विणून झालेलं टोपडं घरी न्यायची आणि दुसऱ्या दिवशी धुऊन, मऊ करून आणायची.

"कोरं कापड तान्ह्याले घालत नाई, बाई. आधी माह्या लेकराले घालतो," म्हणायची. तिचं लेकरू आम्ही कुणी पाहिलं नव्हतं.

एकदा लोकर द्यायला तिच्या घरी गेले. परसात मोहाच्या झाडाखाली तान्ह्या बाळाएवढा मातीचा उंचवटा होता. भोवती दगड रचलेले. उशाशी पिवळं टोपडं.

"झोपला हाये," ती हळूच म्हणाली.

माझ्या कडेवर माझी लेक होती. तिच्या डोक्यावर याच बाईनं दिलेलं टोपडं होतं. माझा हात त्याच्या बंदाकडे गेला. ती त्या हाताकडेच पाहत होती.