ताईचा फाऊल

नातवाच्या नव्या शिट्टीचा प्लॅस्टिकचा वास आला आणि मला दिग्रसचं मैदान आठवलं. बास्केटबॉलची पंच म्हणून माझा तो पहिलाच सामना होता. शिकवणाऱ्या रशीद सरांनी बजावलं होतं, "शिट्टी वाजवली का मूठ वर. मंग मागं हटाचं नाही."

नेमकं माझ्या थोरल्या ताईनंच समोरच्या मुलीला ढकललं. मी शिट्टी फुंकली, मूठ वर केली.

ताई डोळे वटारून म्हणाली, "घरी ये, मंग पाहतो तुले!"

तेवढ्यात मैदानाबाहेरून आई ओरडली, "बरोबर देला फाऊल! घरीबी अशीच ढकलते हे!"

सारं मैदान हसलं. ताईसुद्धा हसली. पुढं कितीतरी सामन्यांत मी पंच झाले, पण असा भक्कम साक्षीदार पुन्हा कधी मिळाला नाही.