दोघींचे लेक

माझा थोरला भाऊ नांदेडला शिकत होता. एका दिवाळीला तो लोह्याला घरी आलाच नाही. शाळा सोडून तो सरहद्दीपलीकडे, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेल्याचं कुणीतरी बाबांना बाजारात हळूच सांगितलं. बाबा सरकारी शाळेत मास्तर, नोकरी निजामाची. घरी येऊन ते आईला एवढंच म्हणाले, "कुणी विचारलं तर सांगायचं, मुदखेडला मामाकडं आहे."

मी दहा-अकरा वर्षांची असेन. त्या दिवसापासून घरात सगळे हळू बोलू लागले. बाहेर पावलं वाजली की आईचा भाकरी थापणारा हात थांबायचा.

शेजारी एका मुसलमान शिंप्याचं घर होतं. परसातली भिंत दोन्ही घरांची एकच. शिंपीचाचांची बायको, आमची खाला, ही आईची मैत्रीण. त्यांचा एकुलता एक मुलगा दादाबरोबर विहिरीत पोहायला शिकलेला. त्याच वर्षी त्यानं खाकी कपडे चढवले आणि निजामाच्या बाजूनं गावोगाव फिरणाऱ्या टोळीत गेला. खाला भिंतीपाशी येऊन रडली, "बाप लाख समजाता, सुनताच नहीं."

आईनं तिला धीर दिला, पण दादाविषयी अवाक्षर काढलं नाही. पूर्वी सगळं सांगायची तिला. आता मलाही बजावलं, "खालाकडं जा, पण दादाचं नाव काढू नको. तिचा पोरगा घरी येऊन जातो." खालाच्या घरी मी पटापट खाऊन उठायचे. काही तोंडातून निसटलं तर?

एका दुपारी बाबा शाळेत असताना दार वाजलं. खाकीतली चार-पाच पोरं होती आणि पुढं खालाचा मुलगा. तो आईकडं बघत नव्हता.

"काकू, तो आलाय म्हणं. घर बघायचंय."

"मुदखेडला आहे तो. मामाकडं."

"तिथं जाऊन आलो आम्ही," मागचा एकजण हसला.

आईची बोटं माझ्या खांद्यात रुतली. तेवढ्यात खाला आली. एरवी बुरख्याशिवाय रस्त्यावर न दिसणारी ती बाई उघड्या डोक्यानं, पिठाच्या हातांनी येऊन आमच्या उंबऱ्यावर उभी राहिली.

"सुबह से मैं इन्हीच के घर में हूँ. कोई नहीं आया. जाओ!"

ती आत्ताच तिच्या घरातून आली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिच्या मुलानंही. तो क्षणभर तिच्याकडं बघत राहिला, मग "चलो" म्हणून वळला.

दादा खरंच आला नव्हता. पण तो कॅम्पात गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, या विचारानं बाबांची झोप उडाली. ते आईला म्हणाले, "पोरीला घेऊन शिरूरला तुझ्या बहिणीकडं जा." आई हलली नाही. "पोरगं आलं अन् दाराला कुलूप दिसलं, तर जाईल कुठं?"

मग हिंदुस्थानची फौज आली. गावात गुलाल उधळला आणि खालाचं दार बंद झालं. तिचा मुलगा बेपत्ता होता. सूड घ्यायला माणसं फिरतायत, असं ऐकताच आईनं खाला-चाचांना आमच्या माजघरात आणलं. बाबा नुसते ओसरीवर बसून राहिले.

दादा परतला तेव्हा हाडं तेवढी उरली होती. आईनं पान वाढलं आणि तो जेवत असतानाच म्हणाली, "खालाचा पोरगा कुठंय, बघून ये."

"आई, त्यांनी काय काय केलंय, तुला ठाऊक न्हाई."

"आपल्याच दारात उभा होता तो. मला ठाऊक आहे. तरी बघ."

तो पानावरून उठला. दुसऱ्या सकाळी तो नांदेडला गेला आणि परत येईपर्यंत दोघी आया चुलीपाशी बसून होत्या. तो आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "तुरुंगात हाय. जिवंत हाय."

"खाना खाता क्या?" खालानं विचारलं.

"माझ्याशी बोलला न्हाई तो," दादा म्हणाला आणि हातपाय धुवायला परसात गेला.

पुढं खालाचा मुलगा सुटला आणि थेट हैदराबादेला नातेवाइकांकडं गेला. त्याच्यामागं खाला-चाचाही गेले. खालानं जाताना आईचा हात कितीतरी वेळ धरून ठेवला. पण दोघींचे लेक आता एका भिंतीला राहणं अवघड होतं; 'पुन्हा या' असं काही आईच्या तोंडून निघालं नाही.